घडवंची

चाळीस वर्षं मी पांढरी खोकी बनवली.
प्लायवूड, पुट्टी, घासकागद, रंगाचे दोन हात.
त्यांच्यावर कुणी काही ठेवायचं
आणि लोक खोकं सोडून बाकी सगळं बघायचे.
चांगल्या खोक्याची हीच खूण, मी हाताखालच्या पोरांना सांगायचो.

यंदा सोल्वाय म्हणाली, खोकी नकोत.
बोर्नहोमच्या किनाऱ्यावरची ही मासे धुरवायची जुनी भट्टी,
भिंतीला नुसतं टेकलं तरी कोट काळा होतो,
इथे पांढरं काही ठेवलंस
तर बोळक्या तोंडातल्या एकुलत्या दातासारखं दिसेल.

मग घरची शिडी आणली, पायरीगणिक एक वाटी.
हेरिंग ओवायच्या सळ्या अजून वर तशाच होत्या,
त्यांना कानवाले पेले अडकवले.
दार उघडलं की खारा वारा आत यायचा
आणि पेले एकमेकांना हळूच विचारायचे, लागलं का रे?
रांजण मिठाच्या ढिगात अर्धे पुरले.
एक बाई म्हणाल्या, उरलेले अर्धे कुठे आहेत?
म्हटलं, मिठाला विचारा.

थाळ्या मात्र तिने पालथ्या मांडल्या.
मला पटलं नाही.
बूड काय दाखवायचं लोकांना?
बूडच बघ, ती म्हणाली.
बघितलं. झिलईत तीन ठिपके कोरे,
डाग्नीने बादलीत बुडवताना जिथे धरलं होतं तिथे.
माझी बोटं लावून पाहिली, बसेनात.
वीस वर्षं शेजार होता आमचा.
तिचे हात एवढे लहान होते, हे मला
ती गेल्यावर, एका थाळीच्या बुडाने सांगितलं.

पालेचा पुतळा दारातून आत येईना,
दोन बोटांनी अडला.
कान छाटतो, पाले म्हणाला. खरंच करवत घेऊन आला होता.
शेवटी बाहेरच उभा केला,
खिडकीशी, तोंड आत करून.
तेव्हापासून लोक आत शिरले की
आधी केस सावरतात.
पावसात त्याची भाजकी माती गडद व्हायची,
आणि आम्ही आत, कोरडे, दिव्याखाली,
कुणी कुणाला मांडलंय ते कळेना.

राहिल्या डाग्नीच्या शेवटच्या सात वाट्या.
तिने घडवल्या, भाजल्या टोर्किलने, तिच्या मागे.
जरा जास्तच भाजल्या त्याने.
त्या कुठे ठेवायच्या यावर तीन दिवस घोळ:
सळीवर शोभेनात, मिठात हरवल्या,
शिडीवर तर विकायला काढल्यासारख्या.

मी टेप घेऊन तिच्या शेडमध्ये गेलो.
कुणाला विचारलं नाही.
चाक होतं, त्यावर वाळलेला चिखल होता,
स्टुलावर तिचं फडकं, कडक झालेलं.
जमिनीपासून चाकापर्यंत मोजलं.
एकोणपन्नास सेंटिमीटर.
तेवढ्याच उंचीची घडवंची केली,
मोडक्या होडीच्या फळ्यांची, बिनरंगाची.

फार खाली झालीय, सोल्वाय म्हणाली,
लोकांना वाकावं लागेल.
हो, मी म्हटलं.

तिसऱ्या दुपारी टोर्किल आला,
चर्चला घालायचा कोट घालून.
वाट्यांकडे बघितलंच नाही त्याने.
समोरच्या मिठाच्या पोत्यावर बसला
आणि माणसं बघत राहिला:
शाळेतली बाई वाकली, मान उजवीकडे,
एक ताडमाड जर्मन वाकला, गुडघे फाकवून,
एक पोरगी केस कानामागे सारून
एवढी खाली गेली की तिचा श्वास वाटीवर उमटला.
पोस्टमन वाकला तो पिशवीसकट,
आणि पिशवी पुढे आली, सगळे ओरडले.

पाच वाजले, मी दिवे मालवू लागलो.
टोर्किल उठला, कोटाचं मीठ झटकलं.
त्या पोस्टमनला नाही जमलं, म्हणाला.
बाकीच्यांना बऱ्यापैकी.
दाराशी थांबला.
वर पेले किणकिणले, ते थांबेपर्यंत थांबला.
मग विचारलं, उद्या किती वाजता उघडता?